‘आय ॲम सॉरी’ : वाक्य एक, अर्थ अनेक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासद भगिनीने एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्याकडे चाल आहे. आजवर आपण रांगोळीवर ऐकले, बाळंतिणीच्या आहारावर ऐकले, घरखर्चाच्या हिशेबावरही ऐकले. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले, आणि मी विषय निवडला तो एका इंग्रजी वाक्याचा. सातवी शिकलेल्या बाईने इंग्रजीवर बोलावे याचे काही जणींना हसू येईल. येऊ द्या. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई, म्हणजे माझ्या वाट्याला ते तीनच वर्षे आले. पण मी ज्या वाक्यावर बोलणार आहे ते शिकायला शाळा लागत नाही. ते रिक्षावाल्याला येते, भाजीवालीला येते, आणि आमच्या शेजारच्या काकूंच्या अडीच वर्षांच्या नातवालाही येते. ते वाक्य म्हणजे ‘आय ॲम सॉरी’. आपण त्याचे नुसते ‘सॉरी’ करून टाकले आहे.

यात परदेशांची जी माहिती येईल ती माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने वाचून दाखवली आणि मी वहीत उतरवून घेतली. विचार मात्र माझे आहेत.

प्रथम आपण हे पाहू, की एका दिवसात हा शब्द आपल्या कानावर किती तऱ्हांनी येतो. बसमध्ये कोणाचा पाय आपल्या पायावर पडतो, तो म्हणतो, ‘सॉरी हं’. इथे अर्थ आहे : चुकून झाले, राग मानू नका. फोनवर आवाज नीट येत नाही, पलीकडची मुलगी म्हणते, ‘सॉरी?’ इथे अर्थ आहे : ऐकू आले नाही, पुन्हा सांगा. दुकानात आपण पाचशेची नोट पुढे करतो, दुकानदार म्हणतो, ‘सॉरी वहिनी, सुट्टे नाहीत’. इथे अर्थ आहे नकार. कोणाच्या घरी वाईट बातमी कळली की आजकालची मुले मोबाइलवर ‘सॉरी’ लिहून पाठवतात. तिथे अर्थ आहे : तुमच्या दुःखात आम्ही आहोत. आणि घरात मुलाला रागावावे, तर तो पाय आपटून म्हणतो, ‘सॉरी म्हटलं ना!’ इथे अर्थ आहे : आता हा विषय पुरे.

म्हणजे पाहा, क्षमा, प्रश्न, नकार, सांत्वन आणि तोंड बंद करणे, ही पाच कामे एकच शब्द करतो. पुष्कळदा आपण आवाजावरून आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून अर्थ बरोबर लावतो. पण कधीकधी तो लागत नाही, आणि तिथे मोठा घोटाळा होतो. त्या घोटाळ्याबद्दलच मला आज बोलायचे आहे.

हा शब्द आला कुठून? इंग्रजीत ‘सॉरो’ म्हणजे दुःख, त्यावरून ‘सॉरी’ आला असेल असे कोणालाही वाटेल. पण जाणकार सांगतात, तो ‘सोअर’ या शब्दावरून आला आहे. सोअर म्हणजे ठणकणारे, दुखरे. अंगावरचे गळू ठणकते तसे मन ठणकते आहे, असा त्याचा मूळ अर्थ. आता मन दोन कारणांनी ठणकते. माझ्या हातून तुमचे वाईट झाले म्हणून एक, आणि माझा काही दोष नसता तुमचे वाईट झाले म्हणून दुसरे. इंग्रजीत दोन्ही वेळा ‘आय ॲम सॉरी’च म्हणतात. आपण मराठीत मात्र ही दोन घरे वेगळी ठेवली आहेत. पहिल्या वेळी आपण म्हणतो, ‘माझं चुकलं’. दुसऱ्या वेळी म्हणतो, ‘फार वाईट झालं हो’. कोणाच्या घरी दुखवट्याला जाऊन ‘माझं चुकलं’ असे कोणी म्हणत नाही.

आता आपलेही शब्द असे घर बदलतात, हे मी कबूल करते. ‘दिलगीर’ हा शब्द घ्या. तो फारसीतून आला. दिल म्हणजे मन. दिलगीर म्हणजे उदास, दुःखी. जुन्या बखरींत कोणी दिलगीर झाला म्हणजे तो दुःखी झाला. आज वर्तमानपत्रात चुकीचे छापले गेले की दुसऱ्या दिवशी चौकटीत ‘दिलगीर आहोत’ असे येते, तेव्हा अर्थ होतो माफीचा. आपल्या लहानपणी दूरदर्शनचा कार्यक्रम मधेच बंद पडे आणि पडद्यावर ‘रुकावट के लिए खेद है’ अशी पाटी येई, ती आठवते ना? खेद म्हणजे तरी दुःखच. आणि दारात आलेल्या भिकाऱ्याला आपण ‘माफ कर बाबा’ म्हणतो, तेव्हा आपण काही त्याचा अपराध केलेला नसतो. आपण त्याला पुढे जायला सांगत असतो. तेव्हा शब्दाने घर बदलले म्हणून इंग्रजीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ऐकणाऱ्याला कोणता अर्थ पोचला, एवढेच पाहायचे.

तो पोचला नाही तर काय होते, हे मी स्वतः पाहिले आहे. आमच्या ओळखीच्या एका बाईंचे यजमान शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात होते. त्या रात्री मी त्या बाईंजवळ बाहेर बाकावर बसले होते. पहाटे एक तरुण डॉक्टर दार उघडून आले. दमलेले दिसत होते. बाईंसमोर उभे राहून ते म्हणाले, ‘आय ॲम सॉरी’. बाईंना काही उमगेना. त्यांचे दीर शेजारीच उभे होते. ते एकदम पुढे झाले, ‘सॉरी म्हणजे? काय चुकलं तुमचं? काय केलंत माझ्या भावाला?’ आवाज चढला, माणसे जमली. डॉक्टर घाबरून आत गेले आणि दार लागले. पुढे अर्धा तास बाहेर नुसता गोंधळ. आणि ज्या बाईचा नवरा गेला, तिला तो गेला आहे हे अजून कोणी सांगितलेच नव्हते! शेवटी एक वयस्क परिचारिका बाहेर आल्या. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला आणि सांगितले, ‘ताई, ते गेले. फार प्रयत्न केले आम्ही, पण नाही वाचले.’ तेव्हा कुठे त्या माउलीला रडू फुटले.

डॉक्टरांच्या मनात सांत्वन होते, दिरांच्या कानाला कबुली ऐकू आली. शब्द तोच. मला त्या डॉक्टरांचा राग येत नाही आणि दिरांचाही येत नाही. पण मराठीतले एक साधे वाक्य त्या क्षणी बोलले गेले असते, तर एका बाईचा तो अर्धा तास वाचला असता.

हा घोटाळा ज्यांची भाषाच इंग्रजी आहे त्यांच्याकडेही होतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. तिथल्या एका आमदाराची मुलगी १९७४ साली सायकलवरून जात असता मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटार चालवणाऱ्याने त्यांना कधी ‘सॉरी’ म्हटले नाही. कारण तसे म्हटले तर कोर्टात ती गुन्ह्याची कबुली धरली जाईल, ही भीती. पुढे त्या राज्याने १९८६ साली असा कायदा केला, की अपघातानंतर कोणी सहानुभूतीचे शब्द बोलले तर ते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ साली आणि ऑन्टेरिओ प्रांताने २००९ साली माफीचाच कायदा केला. माणसाने माणसाला दोन शब्द बोलावेत म्हणून कायदे करावे लागले, याचे मला नवल वाटले.

दोन माणसांचे असे, तर दोन देशांचे काय होत असेल? १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हैनान बेटाजवळ समुद्रावर अमेरिकेचे टेहळणीचे विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चीनचा वैमानिक समुद्रात नाहीसा झाला. अमेरिकेचे विमान मोडक्या अवस्थेत हैनानला उतरले, आणि त्यातली २४ माणसे चीनने ठेवून घेतली. चीन म्हणे, माफी मागा. अमेरिका म्हणे, आमची चूकच नाही, माफी कसली? शेवटी ११ एप्रिलला अमेरिकेने एक पत्र दिले. त्यात ‘व्हेरी सॉरी’ हे शब्द दोनदा होते : एकदा वैमानिकाच्या घरच्यांसाठी व चिनी लोकांसाठी, आणि एकदा परवानगीवाचून विमान उतरवल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना ते माफीच्या शब्दांत सांगितले. अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितले, की आम्ही दुःख व्यक्त केले, माफी मागितलेली नाही. दोघांचेही समाधान झाले आणि २४ माणसे घरी गेली. इथे या शब्दाच्या दोन अर्थांनीच काम साधून दिले, हेही सांगायला हवे. प्रत्येक वेळी घोटाळा वाईटच असतो असे नाही.

आपल्या देशाचाही या शब्दाशी संबंध आला आहे. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ हे जहाज पंजाबातले बहुतेक शीख असे ३७६ उतारू घेऊन कॅनडाच्या व्हँकूवर बंदरात गेले. त्यांतल्या बहुतेकांना उतरू दिले नाही. दोन महिने अडकवून जहाज परत पाठवले. ते कलकत्त्याजवळ बजबज येथे आले, तेव्हा तिथे गोळीबार होऊन माणसे मेली. १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी आपल्या संसदेत उभे राहून याबद्दल माफी मागितली. आणि १३ एप्रिल १९१९ च्या जालियनवाला बागेचे काय? २०१३ साली ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरून तिथे येऊन गेले आणि ते कृत्य लज्जास्पद असल्याचे म्हणाले. २०१९ साली, शंभर वर्षे भरताना, पंतप्रधान थेरेसा मे यांनी त्यांच्या संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. परंतु दोघांनीही ‘आम्ही माफी मागतो’ हे शब्द उच्चारले नाहीत. म्हणजे ‘वाईट झालं’ म्हटले, ‘आमचं चुकलं’ म्हटले नाही. हा फरक बारीक नाही, भगिनींनो. ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याला तो लगेच कळतो.

आता ज्या हकिगतीने मला या विषयाकडे ओढले ती सांगते. ऑस्ट्रेलियात तिथले मूळचे रहिवासी आहेत, त्यांना ॲबोरिजिनल म्हणतात. सुमारे १९१० ते १९७० या काळात सरकारी धोरणाने त्यांची मुले आईबापांपासून काढून संस्थांत आणि गोऱ्यांच्या घरी वाढवली. १९९७ साली याच्या चौकशीचा अहवाल आला. त्यात म्हटले होते, की त्या काळात दहांतले एक ते तीनांतले एक इतकी मुले अशी नेली गेली असावीत. तीन पोरांतले एक! आपल्यातल्या प्रत्येकीने घटकाभर आपल्या घराचा विचार करावा. पुढच्या वर्षी, २६ मे १९९८ ला, लोकांनी तिथे पहिला ‘सॉरी डे’ पाळला. गावोगावी कोऱ्या वह्या ठेवल्या होत्या, त्यांना ‘सॉरी बुक्स’ म्हणत. त्यांत सामान्य माणसांनी आपापल्या हाताने लिहून सह्या केल्या. सरकार मात्र अडून बसले. १९९९ साली संसदेने खेदाचा ठराव केला, पण त्यात माफी नव्हती. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उभे राहून ‘सॉरी’ हा शब्द उच्चारला. ते ऐकायला म्हाताऱ्या झालेल्या त्या मुली तिथे हजर होत्या.

आणि यातली खरी गोष्ट पुढेच आहे. त्या मूळ रहिवाशांच्या इंग्रजीत ‘सॉरी बिझनेस’ असा एक शब्दप्रयोग आहे. त्याचा माफीशी संबंध नाही. कोणी वारले की सगळे नातलग जमतात, रडतात, विधी करतात, त्या सुतकाच्या दिवसांना ते ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. म्हणजे हा शब्द एकाच्या तोंडी कबुलीचा आहे आणि दुसऱ्याच्या घरी दुखवट्याचा. मला वाटते, ज्या आईचे मूल नेले तिला दोन्ही हवे असते. आमचे चुकले, हे तिला ऐकायचे असते, आणि कोणीतरी शेजारी बसून तिच्याबरोबर रडावे, हेही. नुसत्या कबुलीने ती कोरडी राहते. नुसत्या सहानुभूतीने तिचा अपमान होतो.

त्यावरही तिथे प्रश्न राहिलाच, की शब्द मिळाला, पुढे काय? टास्मानिया या राज्याने २००६ सालीच कायदा करून अशा लोकांना भरपाई देऊ केली होती. इतर ठिकाणी त्यासाठी अनेक वर्षे भांडावे लागले.

आता इतक्या लांबून आपण आपल्या स्वयंपाकघरात येऊ. आपल्या घरांत जुन्या पिढीत ‘माझं चुकलं’ हे शब्द फारसे बोलले जात नसत. कृतीने सांगितले जाई. दोन जावांचे वाजले की संध्याकाळी एकीकडून दुसरीकडे भाजीची वाटी जाई. संक्रांतीला अबोला धरलेल्या शेजारणीच्या हातावर तिळगूळ ठेवला की वर्षाचे भांडण मिटे. आपल्या जैन शेजारणी पर्युषण संपले की कळत-नकळत झालेल्या अपराधांची सर्वांकडे क्षमा मागतात. या चाली चांगल्या आहेत, कारण त्यांत माणूस पुढे पाऊल टाकतो.

‘सॉरी’ने आपली एक सोय केली, हे खरे. मोठ्या माणसांना, विशेषतः पुरुषांना, ‘माझं चुकलं’ म्हणणे जड जाते. ‘सॉरी’ हलके असते, तोंडातून सुटते. सुटू दे. काहीच न म्हणण्यापेक्षा बरे. पण या हलकेपणाची दोन रूपे मला काळजीची वाटतात.

पहिले असे, की आपण बायका नको तिथे ‘सॉरी’ म्हणायला लागलो आहोत. गॅस संपला, सॉरी. पाहुणे न सांगता आले, पोळ्या कमी पडल्या, सॉरी. पोरीला रस्त्यात कोणी धक्का मारला, तर पोरगीच म्हणते ‘सॉरी’ आणि बाजूला होते. ज्यात आपला दोष नाही त्याची कबुली आपण रोज देतो, आणि घर ती कबुली म्हणूनच ऐकते.

दुसरे याहून वाईट. रात्री हात उचलायचा आणि सकाळी चहाच्या वेळी ‘सॉरी’ म्हणायचे, असे करणारे पुरुष आहेत. कुठे आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. मी नावे घेणार नाही. बाई विचार करते, सॉरी म्हणाले ना, म्हणजे चूक कळली. महिन्याने पुन्हा तेच, पुन्हा सॉरी. भगिनींनो, पहिल्या वेळी त्या शब्दात पश्चात्ताप असेलही. पण तिसऱ्या वेळी तो त्या पाय आपटणाऱ्या मुलाचा ‘सॉरी’ असतो : विषय पुरे, चहा आण. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला, आणि तो ओळखला नाही तर त्या बाईचे आयुष्य त्यात जाते. २००५ साली आपल्या देशाने घरातल्या छळाविरुद्ध कायदा केला आहे, तो अशा वेळी बाईच्या पाठीशी आहे. आणि तिला एकटीने कुठे जायचे धैर्य नसेल तर बरोबर जायला आपले मंडळ आहे.

अर्थ ओळखायचा कसा? मला एक सोपा उपाय सुचला आहे. कोणी ‘सॉरी’ म्हटले की मनात विचारावे, ‘कशाबद्दल?’ खऱ्या माफीत याचे उत्तर असते. ‘मी काल तुला सगळ्यांसमोर बोललो, ते माझं चुकलं, आता बोलणार नाही.’ कोणी केले, काय केले, पुढे काय करणार, ही तिन्ही त्यात आली. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात मात्र त्यांतले एकही नाही. उलट वाईट वाटून घेतले म्हणून दोष ऐकणारीवरच आला. आणि आपण स्वतः बोलताना, मुलांना शिकवताना, ‘सॉरी’च्या मागे मराठीतले एक पूर्ण वाक्य जोडावे. मुलगा ‘सॉरी’ म्हणाला की हळूच विचारावे, ‘कशाबद्दल रे?’ दुखवट्याला गेलो तर ‘सॉरी’ न म्हणता हात हातात घ्यावा आणि गेलेल्या माणसाची एखादी चांगली आठवण सांगावी. दुकानदाराचा आणि फोनवरचा ‘सॉरी’ आहे तसाच राहू द्यावा. त्याने कोणाचे नुकसान नाही.

इंग्रजी शब्द वापरू नका असे मी म्हणत नाही. टेबल, बस, डॉक्टर हे आता आपलेच झाले आहेत, तसा ‘सॉरी’ही झाला आहे. पाहुणा घरचा झाला की त्याला कामाला लावायचे असते, एवढेच माझे म्हणणे आहे. मुळात त्या शब्दात ठणका होता. तो बोलताना आपल्या मनात थोडा तरी ठणका असावा, आणि ऐकताना समोरच्याच्या मनात तो आहे का हे पाहावे.